अमळनेरचा जुना लॅपटॉप आणि अपग्रेडनंतर गेलेलं वायफाय: एक प्रकरण

अमळनेरच्या एका घरातला २०१४ सालचा लॅपटॉप, दिवाळीच्या सुट्टीत त्यावर केलेलं अपग्रेड आणि त्यानंतर गायब झालेलं वायफाय, असं हे प्रकरण आहे. सविस्तर लिहितोय, कारण असे लॅपटॉप आता घरोघरी निघणार आहेत. विंडोज १०चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. विंडोज ११ला टीपीएम २.० (सुरक्षेची एक चिप) लागतं आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. त्याआधीची यंत्रं अधिकृत यादीत बसत नाहीत. ती अजून धडधाकट आहेत, म्हणून लोक त्यांवर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली टाकतात. आणि मग पहिली तक्रार येते ती बहुतेक वेळा वायफायची.

या घरात तक्रारीचं कारण सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं: अपग्रेडने वायफाय घालवलं. दुकानात दाखवल्यावर त्यात भर पडली: कार्डच गेलं. दोन्ही निदानं वरवर पटण्यासारखी होती, आणि दोन्ही चुकीची निघाली.

घर आणि यंत्र

घर माझ्या मावशीचं. जुन्या पेठेतलं धाब्याचं घर, मातीच्या दोन-दोन फुटी भिंती, सागवानी कड्या, मे महिन्यातही आत गारवा. मावसभाऊ शेती बघतो. वहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत आणि लॅपटॉप त्यांचा. यू-डायस प्लस या शाळांच्या सरकारी पोर्टलवर मुलांची माहिती भरायची, निकालपत्रकं तयार करायची, प्रश्नपत्रिका टाइप करायच्या, यासाठी तो रोज लागतो. हे सगळं मोबाइलच्या पडद्यावर करायचं म्हणजे डोळ्यांना शिक्षाच.

यंत्र चौथ्या पिढीच्या आय३चं. मूळची ४ जीबी रॅम वाढवून ८ केलेली, जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवलेली. २०२३ मध्ये पुतण्याने त्यावर लिनक्स मिंट २१ (लिनक्सचं एक रूप) टाकलं आणि तेव्हापासून लॅपटॉप विनातक्रार चालत होता. बॅटरी मात्र केव्हाच संपलेली. अडॅप्टर लावला की चालू, पिन निघाली की त्याच क्षणी बंद. घरातल्यांना याची इतकी सवय झाली होती की बिघाड सांगताना बॅटरीचा उल्लेख कुणी केलाच नाही.

वायफाय कार्ड ब्रॉडकॉमचं, बीसीएम४३१४२. २०१३ ते २०१५च्या दरम्यानच्या कितीतरी स्वस्त लॅपटॉपमध्ये हेच कार्ड आढळतं. त्याबद्दल दोन गोष्टी आधी सांगायला हव्यात. एक, वायफायच्या दोन पट्ट्यांपैकी ते फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, ५ गिगाहर्ट्झ त्याला ऐकूच येत नाही. दोन, त्याचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, नाही. कंपनीने दिलेला 'डब्ल्यूएल' नावाचा बंद ड्रायव्हर वेगळा बसवावा लागतो आणि त्याची शेवटची आवृत्ती २०१५ची आहे. त्यानंतर मिंटसारख्या निरनिराळ्या लिनक्स वितरणांची माणसं त्याला ठिगळं लावून नव्या कर्नलवर चालवत आली आहेत. हा ड्रायव्हर प्रत्येक कर्नलसाठी त्या त्या यंत्रावर पुन्हा कंपाइल व्हावा, म्हणजे मूळ कोडमधून बनवला जावा लागतो. ते काम 'डीकेएमएस' नावाची यंत्रणा आपोआप करते, पण त्यासाठी त्या कर्नलच्या हेडर फाइल (ड्रायव्हर बनवताना लागणारे कर्नलचे तपशील) डिस्कवर असाव्या लागतात. हेडर नसतील तर ड्रायव्हर बनत नाही आणि वायफाय लागत नाही.

तक्रार

पुतण्या इंजिनिअरिंगला बाहेरगावी असतो. दिवाळीला आला तेव्हा त्याने मिंट २१.३वरून २२वर नेण्याचं काम हाती घेतलं. हेतू योग्य होता: २१ची मालिका २०२७पर्यंतच सांभाळली जाणार, २२ची २०२९पर्यंत. या अपग्रेडमध्ये मिंट ज्यावर उभं आहे ते उबंटू २२.०४वरून २४.०४वर जातं आणि कर्नल ५.१५वरून ६.८वर.

अपग्रेड झालं, डेस्कटॉप आला, फाइली जागच्या जागी होत्या. फक्त वायफायचं चिन्ह नव्हतं. नेटवर्कांची यादी रिकामी नव्हती, यादीच नव्हती.

पोराने केलेला विचार चांगला होता. सुरुवातीच्या मेनूतून त्याने जुना ५.१५ कर्नल निवडून लॅपटॉप चालू केला. नव्या कर्नलने बिघडवलं असेल तर जुन्यावर चालेल, असा हिशेब. जुन्यावरही वायफाय आलं नाही. मग लॅपटॉप बाजारातल्या दुकानात गेला. तिथल्या माणसानेही तेच करून पाहिलं आणि सांगितलं की दोन्ही कर्नलवर चालत नाही म्हणजे कार्डच गेलंय, यूएसबीचा डोंगल लावा.

वहिनींचा फोन आला तो या टप्प्यावर. "भाऊजी, डोंगल घेऊ का? की लॅपटॉपच नवा बघू?"

मी त्यांना एकच विचारलं: वायफाय गेलं त्या आठवड्यात घरात काय काय बदललं? लॅपटॉपमध्ये काय बदललं असं विचारलं तर माणसं लॅपटॉपपुरतंच सांगतात, म्हणून मी घराचं विचारतो. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. अपग्रेड, आणि केबलवाल्याने बसवून दिलेला नवा राउटर. जुना एकाच पट्टीचा होता, हा २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन्ही पट्ट्यांवर चालणारा. जाता जाता त्या म्हणाल्या, "टीव्हीवर यूट्यूबही लागत नाही हल्ली, पण ते रिचार्जचं असेल." हे वाक्य मी लिहून ठेवलं.

तपासणी

मावसभावाला मी माझी पद्धत त्याच्याच भाषेत सांगितली. ठिबकच्या शेवटच्या नळीला पाणी येत नसेल तर आपण आधी नळी बदलत नाही. विहिरीत पाणी आहे का, मोटर उचलते का, फिल्टर तुंबला का, व्हॉल्व्ह उघडा आहे का, असं एका टोकाकडून बघत येतो. नेटचंही तसंच: कार्ड, ड्रायव्हर, रेडिओ, राउटरची परवानगी, पत्ता, नाव शोधणारी सेवा आणि शेवटी ब्राउझर. साखळी कुठे तुटली ते कळेपर्यंत काहीही बदलायचं नाही.

सर्वांत आधी केबल. लॅपटॉप उचलून ओसरीत राउटरजवळ नेला आणि लॅनची वायर लावली. नेट लागलं, पोर्टल उघडलं. म्हणजे पत्ता मिळतोय, नावं शोधली जाताहेत, ब्राउझर ठीक आहे. साखळीचा मागचा अर्धा भाग एका वायरने निर्दोष सुटला. वायफायची तक्रार असताना लोक ब्राउझरचा कॅश पुसतात, डीएनएस (तीच नाव शोधणारी सेवा) बदलतात. वायर लावून पाहिली तर त्यातलं बरंचसं करावंच लागत नाही.

वायर लावली तेव्हा आणखी एक गोष्ट घडली आणि प्रकरण तिथूनच उलगडलं. पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळाने उडी मारली. आधी ते काही दिवस मागची तारीख दाखवत होतं, नेट येताच क्षणात आजच्या तारखेवर आलं. नेटवरून वेळ जुळवणं हे मिंटचं नेहमीचंच काम आहे, त्यात काही विशेष नाही. पण घड्याळ मागे पडलंच का? बंद लॅपटॉपमध्येही वेळ पुढे सरकत राहायला हवी. ते कोडं तात्पुरतं बाजूला ठेवलं.

मग कार्ड. टर्मिनलमध्ये 'एलएसपीसीआय' हा आदेश, जोडीला कोणता ड्रायव्हर वापरात आहे ते दाखवायला सांगणारा 'के' पर्याय. यादीत कार्ड नीट दिसत होतं, नावानिशी. पूर्ण मेलेलं कार्ड सहसा या यादीत येतच नाही. दुकानातलं निदान इथेच डळमळलं. त्याखालची ओळ अधिक बोलकी होती: वापरातला ड्रायव्हर म्हणून 'बीसीएमए-पीसीआय-ब्रिज' असं लिहिलेलं. तिथे 'डब्ल्यूएल' हवं होतं. योग्य ड्रायव्हर हजर नसला की कर्नलमधला हा सामान्य पूल कार्ड ताब्यात घेतो, पण या कार्डाचा रेडिओ तो चालवू शकत नाही. हे कार्ड असलेल्या कुणालाही यादीत ही ओळ दिसली तर कार्ड बदलायच्या आधी ड्रायव्हरकडे बघावं. 'आरएफकिल'ने विमान मोडही पाहून घेतला. तिथे अडथळा नव्हता.

मग डीकेएमएसला विचारलं. 'डब्ल्यूएल' फक्त ५.१५साठी बनलेला होता, ६.८साठी नाही. पॅकेजांची अवस्था पाहिली तर काही पॅकेजं अर्धवट उघडलेली, आणि त्यांत नव्या कर्नलचे हेडरही. अपग्रेड मध्येच तुटल्याची ही खूण. पुतण्याला फोन लावला. तो म्हणाला, "काका, मध्ये एकदा बंद पडला होता, पण परत चालू केल्यावर पुढे नेला. शेवटी झालं सगळं."

मावशी शेजारीच वाती वळत बसली होती. फोनवरचं बोलणं ऐकून ती म्हणाली, "लाइट गयी व्हती ना त्या रातले!"

दोन कर्नल, दोन वेगळी कारणं

आता ६.८चं उत्तर मिळालं होतं. लाइट गेली, बॅटरी नव्हती, लॅपटॉप अपग्रेडच्या मधोमध बंद पडला, हेडर अर्धवट राहिले, म्हणून ड्रायव्हर बनला नाही. पण यातून जुन्या कर्नलचं उत्तर मिळत नाही. ५.१५साठी तर ड्रायव्हर तयार होता, अपग्रेडच्या आधी तोच चालत होता. मग तिथे वायफाय का आलं नाही?

पुतण्या आणि दुकानदार दोघेही इथेच फसले, आणि त्यात त्यांचा दोष फारसा नाही. जुना कर्नल लावून पाहणं ही एरवी भरवशाची चाचणी आहे. तिच्यामागे एक गृहीत असतं: दोन्ही वेळा बिघाड दिसला तर कारण एकच, आणि ते दोन्हींच्या खाली, म्हणजे कार्डात. इथे दोन्ही कर्नलवर बिघाड सारखाच दिसत होता, पण कारणं वेगळी होती. लक्षण सारखं असलं तरी नेमका संदेश वाचल्याशिवाय कारण सारखं मानू नये, हे मी अशा कामात फार जपतो.

म्हणून ५.१५वर लॅपटॉप चालू केला आणि ड्रायव्हर हाताने चढवायला सांगितला. यंत्राने स्पष्ट उत्तर दिलं: 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस'. ड्रायव्हर आहे, पण त्याच्यावरची सही मान्य नाही. हे उत्तर सिक्युअर बूट चालू असताना मिळतं. सिक्युअर बूट म्हणजे यंत्र सुरू होताना आणि कर्नलचे भाग चढताना ओळखीच्या सहीखेरीज काही आत येऊ न देणारी व्यवस्था. मिंट स्वतः तिच्यातून सुरळीत सुरू होतं, कारण त्याच्या सुरुवातीच्या भागावर मान्य सही असते. घरच्या घरी कंपाइल झालेल्या ड्रायव्हरवर ती नसते. म्हणून डेस्कटॉप येतो, फाइली उघडतात, सगळं ठाकठीक वाटतं आणि तेवढं वायफाय दारातून परत पाठवलं जातं.

पुतण्या शपथेवर सांगत होता की २०२३ मध्ये त्याने सिक्युअर बूट बंद करूनच मिंट टाकलं होतं. मला त्यात शंका घेण्याचं कारण दिसलं नाही, कारण तेव्हापासून ड्रायव्हर चालत होता. मग चालू कुणी केलं?

बाजूला ठेवलेलं घड्याळ इथे कामी आलं. लॅपटॉप ओसरीतून परत मधल्या खोलीत आणला, म्हणजे मध्ये अडॅप्टर निघाला होता. चालू करताना थेट बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये गेलो. तिथली तारीख होती १ जानेवारी २०१४. बाकीच्या सेटिंगही कारखान्यातून आल्यासारख्या, आणि सिक्युअर बूट चालू.

मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर२०३२. लॅपटॉप बंद असताना घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं काम. हा सेल संपला तरी मुख्य बॅटरीत जीव असेपर्यंत ते लक्षात येत नाही. इथे दोन्ही मेलेले. म्हणजे लाइट गेली किंवा पिन निघाली की घड्याळ शून्यावर, आणि या लॅपटॉपात त्याबरोबर बायोसच्या सेटिंगही मूळपदावर. मूळपदावर सिक्युअर बूट चालू असतो.

मग पडद्यावर २०१४ का दिसलं नव्हतं? मिंट चालू असताना अधूनमधून वेळ डिस्कवर लिहून ठेवतं आणि सुरू होताना बायोसचं घड्याळ त्याच्याही मागे दिसलं तर लिहून ठेवलेली वेळ धरतं. नेट मिळालं की अचूक वेळ आणतं. वायफाय चालत होतं तोवर ही दुरुस्ती इतक्या झटपट होत होती की मेलेला सेल झाकूनच राहिला. आधी कधी पिन निघून सेटिंग मूळपदावर गेल्या नव्हत्या का, हा प्रश्न मलाही पडला. वहिनी म्हणाल्या की अडॅप्टर टेबलामागे कायम लावलेलाच असायचा आणि लाइट लांबली तर लॅपटॉप बंदच राहायचा. सेलने नेमका कधी दम सोडला ते सांगता येणार नाही. त्या रात्रीच्या आधी वायफाय चालत होतं आणि नंतर नाही, इतकंच पक्कं.

म्हणजे त्या एका लाइट जाण्याने दोन्ही कर्नलचं वायफाय घालवलं. नव्याचा ड्रायव्हर बनू दिला नाही आणि जुन्याचा तयार ड्रायव्हर बाहेर अडवला. अपग्रेडचा यात थेट दोष नाही.

दुरुस्ती

लॅनची वायर परत लावली. आधी अर्धवट पॅकेजं पूर्ण करून घेतली, मग ६.८चे हेडर पुन्हा बसवले, मग ड्रायव्हर म्हणून 'ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस' हे पॅकेज घेतलं. वायर लावायची सोय नसेल तर मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करावं. लिनक्सला त्यासाठी सहसा वेगळा ड्रायव्हर लागत नाही, आणि ड्रायव्हर आणायला नेट हवं, नेटसाठी ड्रायव्हर हवा, हा पेच सुटतो.

सिक्युअर बूटबाबत दोन मार्ग होते. बायोसमध्ये जाऊन तो बंद करणं सोपं. पण सेल पुन्हा संपला की तो पुन्हा चालू होणार आणि तीच गोष्ट पुन्हा घडणार. म्हणून दुसरा मार्ग घेतला: ड्रायव्हरवर ज्या किल्लीने सही होते ती यंत्राच्या ओळखीत नोंदवणं. ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगितला जातो. पुढच्या सुरुवातीला निळा पडदा येतो आणि एखादी कळ दाबायला दहा सेकंद देतो. ती वेळ हुकली तर लॅपटॉप नेहमीसारखा सुरू होतो आणि नोंद होत नाही. अनेकांचं घोडं इथेच अडतं, कारण निळा पडदा पाहून काहीतरी बिघडलं असं वाटतं आणि माणूस हात आखडतो. कळ दाबायची, 'एनरोल एमओके' (किल्ली नोंदवा) निवडायचं, 'कंटिन्यू' करायचं, तो पासवर्ड द्यायचा, पुन्हा सुरू करायचं. वहिनींनी हे स्वतः केलं, मी फक्त शेजारी उभा होतो. किल्ली नोंदली गेली की सिक्युअर बूट चालू असो वा बंद, ड्रायव्हर चढतो.

सेल बदलणं सोपं निघालं. मागचं झाकण उघडल्यावर तो खोबणीत बसवलेला दिसला. काही लॅपटॉपांत तो वायर जोडलेला असतो, तेव्हा तसाच मागावा लागतो. अडॅप्टर काढूनच हे काम करायचं.

लॅपटॉप चालू केला. वायफायचं चिन्ह आलं. शेजारपाजारच्या नेटवर्कांची यादी भरभरून आली, घरचं नावही त्यात होतं. पासवर्ड दिला. लॅपटॉपने थोडा विचार केला आणि पुन्हा पासवर्ड मागितला. पुन्हा दिला, पुन्हा मागितला.

मावसभाऊ म्हणाला, "आते काय?"

राउटरचा भाग

इथे पासवर्ड पुन्हापुन्हा टाकत बसण्यात अर्थ नव्हता, मोबाइल त्याच पासवर्डने चालत होते. मी माझ्या मोबाइलचा हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झवर आणि डब्ल्यूपीए२ या जुन्या सुरक्षा पद्धतीवर ठेवून चालू केला. लॅपटॉप लगेच जोडला गेला. म्हणजे कार्ड, ड्रायव्हर, रेडिओ सगळं ठीक. अडचण फक्त या लॅपटॉपच्या आणि या राउटरच्या बोलण्यात. हॉटस्पॉटची ही चाचणी माझी आवडती आहे, कारण दोन संशयितांपैकी एकाला ती पूर्ण बाहेर काढते. मोबाइलचा हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर किंवा डब्ल्यूपीए३ या नव्या पद्धतीवर असेल तर मात्र ती दिशाभूल करेल, ते आधी बघून घ्यावं.

आणि वहिनींचं टीव्हीबद्दलचं वाक्य होतंच. टीव्हीसुद्धा जुना. जुनी दोन यंत्रं बाहेर आणि नवे मोबाइल आत असं चित्र दिसलं की राउटरची सुरक्षा पद्धत पहिल्यांदा बघायची. राउटरच्या सेटिंगच्या पानावर ती डब्ल्यूपीए३ होती, फक्त डब्ल्यूपीए३. नवा राउटर आला तेव्हा मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये सर्वांत सुरक्षित म्हणून दिसलेला पर्याय पुतण्याने निवडला होता. निवड चुकीची म्हणता येणार नाही. डब्ल्यूपीए२ २००४चं, डब्ल्यूपीए३ २०१८चं, आणि नवं अर्थातच मजबूत. पण 'डब्ल्यूएल' ड्रायव्हर २०१५वर थांबलेला आहे. त्याला ही भाषा येत नाही आणि येणारही नाही. त्यामुळे तो 'पद्धत समजली नाही' असं न सांगता पुन्हा पासवर्ड मागतो, आणि माणसाला वाटतं पासवर्ड चुकला.

दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावं दिली. ५ गिगाहर्ट्झवर डब्ल्यूपीए३ तसंच ठेवलं, नवे मोबाइल तिथे. २.४वर डब्ल्यूपीए२, एईएस या सांकेतिकीकरणासह. टीकेआयपीचा पर्याय दिसला तरी घेऊ नये, तो जुना आणि कमजोर आहे. पासवर्ड लांबलचक केला. घरासाठी ही तडजोड मला रास्त वाटते. २.४चा चॅनेल आपोआपवरून काढून १, ६ आणि ११ यांतला गल्लीत कमी वापरलेला निवडला, रुंदी २० मेगाहर्ट्झ. हे तीन एकमेकांवर चढत नाहीत म्हणून यांतलाच घ्यावा. राउटरच्या पानाचा कारखान्यातला पासवर्डही बदलला.

लॅपटॉप जोडला गेला. टीव्हीही.

भिंतींची अडचण उरली होती. राउटर ओसरीत, वहिनींचं टेबल मधल्या खोलीत आणि मध्ये मातीची भिंत. ५ गिगाहर्ट्झ जाड भिंतीत लवकर दमतं, मधल्या खोलीत मोबाइलवर तो जेमतेम उणे ८० डीबीएमपर्यंत (सिग्नलचं माप; शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं) पोचत होता. २.४ तिथे उणे ६५च्या आसपास होता, म्हणजे कामापुरता भरपूर. या घरापुरतं बोलायचं तर लॅपटॉपला ५ गिगाहर्ट्झ ऐकू येत नाही याने काहीच अडलं नाही. राउटर कोनाड्यातून काढून दाराच्या रेषेत, उंचावर ठेवला, तेवढ्यानेही सिग्नल सुधारला.

डोंगल घेतला असता तर

डोंगल वाईट उपाय नाही. ज्याच्या चिपचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे असा निवडला तर तो सिक्युअर बूटमध्येही अडत नाही, आणि तो डब्ल्यूपीए३ बोलणारा असता तर राउटरला हातही लावावा लागला नसता. पण अर्धवट पॅकेजं तशीच राहिली असती आणि पुढचा कुठलातरी अपडेट त्यांवर अडखळला असता. मेलेला सेल तसाच राहिला असता. टीव्ही तर बंदच राहिला असता, आणि रिचार्जचे पैसे पुन्हा भरले गेले असते. दुकानदाराला एका गिऱ्हाइकामागे मिळतो तेवढ्या वेळात त्याने सुचवलेला उपाय व्यवहाराला धरून होता. घरच्यांकडे वेळ असतो, त्यांनी तो वापरावा.

नंतर

मुख्य बॅटरी नवी घ्यायची ठरलं आहे. तोवर काय करायचं, तर घरातल्या इन्व्हर्टरवर पंखे-दिवे होते पण टेबलाजवळचा प्लग नव्हता. मावसभावाने वायरमनला बोलावून ती लाइन इन्व्हर्टरवर घेतली. बॅटरी नसलेल्या यंत्रावर अपग्रेड इन्व्हर्टर किंवा यूपीएसखेरीज सुरू करायचं नाही, हे पुतण्याशीही बोलून झालं.

त्यानंतर कर्नलचे सुरक्षा अपडेट येऊन गेले. प्रत्येक वेळी डीकेएमएसने ड्रायव्हर बनवला, नोंदलेल्या किल्लीने त्यावर सही झाली, वायफाय टिकलं. वहिनींनी एकदा मुद्दाम पिन काढून रात्रभर ठेवली आणि सकाळी घड्याळ बघून मला कळवलं की वेळ बरोबर आहे.

एक काम मी पुढे ढकललं आहे. हा ड्रायव्हर ठिगळांवर चालतोय, आणि कधीतरी एखाद्या नव्या कर्नलवर तो कंपाइल होणार नाही. तेव्हा कार्डच बदलायचं. या लॅपटॉपात अर्ध्या लांबीचं मिनी पीसीआयई कार्ड आहे, त्याच मापात इंटेलचं ७२६० मिळतं. त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे आणि ते ५ गिगाहर्ट्झवरही चालतं. काही कंपन्यांच्या बायोसमध्ये ठरावीक कार्डांचीच यादी असते आणि बाहेरचं कार्ड लावलं तर लॅपटॉप सुरूच होत नाही, म्हणून घेण्याआधी हे मॉडेल त्यात आहे का ते तपासायचं. तोवर मिंट २२ला २०२९पर्यंत आधार आहे, आणि सध्या तरी ६.८वर सगळं नीट चाललंय.